पोरांना न्यायला चालेल का?

वहिनीचा फोन आला तेव्हा मी गवार मोडत बसले होते, फोन स्पीकरवर, समोर टीव्ही चालू. "तू बघून आलीस ना गं तो खजिन्याचा पिक्चर? पोरांना न्यायला चालेल का? आई पण म्हणतायत येते." मी म्हटलं, "ने की वहिनी बिनधास्त. काही वाईट नाहीये त्यात, शिव्या नाहीत, चावट काही नाही, मारामारी आहे पण तेवढी असतेच. आईला तर आवडेल बघ, सगळा जुना काळ आहे, वाडे, किल्ले, नऊवारी." ती म्हणाली बरं, मग रविवारचीच काढते तिकिटं. एवढंच बोलणं. गवारीची एक मूठ मोडून होईपर्यंत विषय संपलासुद्धा.

गुरुवारी दादाशी दुसऱ्याच कामाचं बोलत होते, मेडिक्लेमचे कागद वगैरे, आणि फोन ठेवता ठेवता तो म्हणाला अथूचं जरा काहीतरी झालंय, रात्री बाथरूमला एकटा जात नाही, दिवसासुद्धा दार उघडं ठेवून बसतो. आठ वर्षांचा आहे अथू, चार वर्षांचा असल्यापासून एकटा जातोय. काय झालं विचारलं तर म्हणतो विहिरीतला माणूस. कसली विहीर? तर म्हणे त्या पिक्चरमधली. दादाच्या बोलण्यात तक्रार अजिबात नव्हती, उलट होईल गं नीट असं तोच मला म्हणाला, आणि वहिनीने तर नंतर दोनदा बोलणं होऊनही हा विषय काढला नाही. तिने काढला असता तर बरं झालं असतं असं मला राहून राहून वाटत होतं.

मला तो सीन आठवेचना.

खरंच सांगते, मी रात्री पडल्या पडल्या पूर्ण पिक्चर डोक्यात पहिल्यापासून लावून बघितला. वाडा आठवला, तळघर आठवलं, तो गोरा साहेब आणि त्याची काठी आठवली, शेवटचा धबधबा आठवला, पण विहीर नाही. कारण पण हळूहळू लक्षात आलं. त्याच्या जरा आधी पिक्चरमध्ये एक कागद उलगडतात, आणि त्यावर चक्क खरी मोडी होती. मी दोन वर्षांपूर्वी मोडीचा वर्ग केला होता, शनिवारी दुपारी, सगळे रिटायर झालेले काका आणि त्यांच्यात मी, आणि तेव्हापासून पिक्चर-सिरियलमध्ये जुना कागद दिसला की माझं सगळं लक्ष तिकडे. बहुतेक वेळा नुसत्या वळवळत्या रेघा काढून ठेवलेल्या असतात. इथे मात्र कोणीतरी मनापासून लिहिलं होतं, शिरोरेषा आधी ओढून घेतलेली, पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मग अक्षरं तिला टांगत नेलेली, हात न उचलता, जशी बोरूने लिहायचे तशी. मला कोपऱ्यातला तारखेच्या आधीचा "छ" वाचता आला, चंद्राचा छ, म्हणजे पुढे चांद्र तारीख आहे अशी खूण, आणि मी एवढी हरखले की शेजारी नवऱ्याचा दंड धरून हलवला, अरे बघ बघ तारीख लिहिलीय. त्या आनंदात पुढची पाच-सात मिनिटं माझ्या डोळ्यांसमोरून नुसती गेली. त्यातच विहीर होती. आणि त्या आनंदाच्या जोरावर मी फोनवर बिनधास्त म्हणाले होते.

आपण चालेल का म्हणतो तेव्हा मोजतो तरी काय? मी माझंच बघितलं. रक्त किती, बेडरूमचा सीन आहे का, शिवी आहे का, दारू-सिगरेट किती. म्हणजे सोफ्यावर सगळे एकत्र बसलेले असताना कोणाला अवघडल्यासारखं होईल का, एवढंच आपण बघतो, आणि त्यालाच फॅमिलीबरोबर बघण्यासारखा म्हणतो. सर्टिफिकेट तर पिक्चर सुरू व्हायच्या आधी दहा सेकंद पडद्यावर असतं, तेव्हा लोक मोबाइलच्या उजेडात सीट नंबर शोधत असतात. १९८३ पर्यंत आपल्याकडे यू आणि ए असं दोनच होतं, मग यूए आलं, आणि आता २०२३ ला कायदा बदलल्यापासून त्या यूएचेपण सात, तेरा, सोळा असे तीन भाग झालेत. ह्या पिक्चरला तेरा होतं. मला माहीत होतं, तिकीट काढताना ॲपवर दिसलंच होतं, पण यूए म्हणजे आईबापांनी ठरवायचं, थिएटरवाला अडवत नाही, आणि आपल्याकडे तेरा लिहिलेल्याला आठचं पोर नेतातच, आमच्या शोला मागच्या रांगेत दुधाची बाटली घेतलेलं बाळ होतं. आईबापांनी ठरवायचं, आणि आईबाप आत्याला विचारतात, आणि आत्या गवार मोडत असते.

लहानपणी आमच्याकडे हे ठरवायचं काम बाबांच्या हाताकडे होतं. म्हणजे अक्षरशः हाताकडे. बाबा ठाण्यात वागळे इस्टेटला एका कंपनीत होते, मशीन शॉपला, शनिवारी हाफ डे असला की घरी येऊन आंघोळ करायचे आणि कधीतरी अचानक म्हणायचे चला. आम्ही चरईतून चालत वंदना टॉकीजला जायचो. आता टॉकीज नाही पण एसटी स्टँडचं नाव अजून वंदनाच आहे, नवीन पोरांना तर ती कोण बाई असंच वाटत असेल. बाबा मला कायम स्वतःच्या डावीकडे बसवायचे आणि नको असलेला सीन आला की त्यांचा डावा हात माझ्या डोळ्यांवर यायचा. त्यांना कसं कळायचं काय माहीत, पहिल्यांदाच बघत असायचे तेही, पण व्हिलनने सुरा काढला की हात आलाच. हाताला साबणाचा वास, आणि त्या खाली, कितीही धुतला तरी, ग्रीसचा. बोटांच्या फटीतून लाल-पिवळा उजेड हलताना दिसायचा. मी कधी हात बाजूला केला नाही. खूप सेफ वाटायचं असं मला सांगायचं होतं, मी इतकी वर्षं हे असंच सांगत आलेय, पण परवा रात्री विहीर आठवायचा प्रयत्न करताना मला ते सगळे सीन नीट आठवले, न बघितलेले, आणि ते आवाजात आठवले. सुरा म्यानातून निघतानाचा. कोणीतरी बाई नको नको म्हणत मागे मागे सरकते, बांगड्या भिंतीवर घासतात. मग काहीतरी पडतं. काय पडलं ते मला आजपर्यंत माहीत नाही. बघितलं असतं तर कदाचित एक नाटकी माणूस लाल रंग लावून पडलेला दिसला असता आणि मी विसरून गेले असते.

कान कोणी झाकले नव्हते.

शनिवारी ट्रेन पकडून ऐरोलीला गेले. दिघा गाव गेलं की पुढे ऐरोली, बसायला जागा मिळेपर्यंत उतरायची वेळ. अथू माझ्याशी काही बोलेना आधी, मग मी त्याला खाली चक्कर मारायला नेलं, सोसायटीच्या गेटबाहेर उसाचा रस प्यायलो, आणि मी त्याला खरं ते सांगितलं, की अरे मी तो सीन बघितलाच नाही नीट, मला सांग ना काय होतं. त्याने एवढं बारीक सांगितलं. एका माणसाला दोर बांधून विहिरीत सोडतात. तो खालून बोलत असतो, अजून सोडा, अजून सोडा. रहाट कर्र कर्र वाजतो. मग तो बोलायचा थांबतो. मग वरचे लोक ओढतात तर दोर पटापट वर येतो. "हलका, आत्या. हलका आवाज येतो रहाटाचा." मग पुढे? पुढे काहीच नाही म्हणाला, ते सगळे दुसऱ्या रस्त्याने जातात. त्या माणसाचं काय झालं ते दाखवतच नाहीत. बघा, ह्यात रक्ताचा थेंब नाही. कोणत्याही बोर्डाने कुठे कात्री लावली असती ह्याला? आणि मी जरी लक्ष देऊन बघितला असता तरी फोनवर त्याचं नाव घेतलं असतं का, मला खात्री नाही वाटत.

बाथरूमचं कोडं मला तिथे गेल्यावर सुटलं. दादाच्या बाथरूमची खिडकी बिल्डिंगच्या डक्टमध्ये उघडते. बारा मजल्यांचा डक्ट आहे, अरुंद, खाली कायम ओल, कोणाच्यातरी बादलीचा, खाकरण्याचा, फ्लशचा आवाज लांबून खोल खोल घुमत येतो, आणि संध्याकाळी पंप चालू झाला की पाइपमधून एक कर्र असा आवाज वर चढतो. मी दार लावून दोन मिनिटं उभी राहिले आत. कुठल्यातरी खालच्या मजल्यावरचा माणूस फोनवर बोलत होता, शब्द कळत नव्हते, नुसता माणसाचा आवाज. विहीरच होती ती. मोठ्या स्पीकरवर ऐकलेली विहीर त्या पोराला घरात सापडली होती, आणि आपण सगळे त्याला घाबरट म्हणत होतो.

आईबद्दल मला कोणी काहीच सांगितलं नव्हतं. ती रविवारी पिक्चर अर्ध्यात सोडून बाहेर येऊन बसली होती, पॉपकॉर्नच्या काउंटरसमोरच्या बाकड्यावर, तासभर. दादाला वाटलं एसीचा त्रास झाला. मी विचारलं तर आधी तिनेही तेच सांगितलं. मग रात्री मी तिच्या खोलीत झोपले, लाइट बंद केल्यावर ती आपणहून बोलायला लागली. पिक्चरमध्ये एक जागा आहे, खजिना उघडायला एका मुलीला आणतात, कुंकू, लिंबं, मंत्र, ढोल, हिरो वेळेवर येतो आणि सोडवतो, टाळ्यांचा सीन आहे तो, आमच्या शोला खरंच टाळ्या पडल्या होत्या, मीही वाजवल्या असतील. आई म्हणाली, "मी पायाळू आहे ना."

मला माहीत होतं की ती पायाळू आहे. पायाकडून जन्मलेली. लहानपणी कोणाची कंबर लचकली की आईला पाय लावायला बोलवायचे, आम्ही हसायचो, एवढंच त्याचं महत्त्व आमच्या घरी. पण पायाळू माणसाच्या डोळ्यात अंजन घातलं की त्याला जमिनीतलं धन दिसतं असंही मानायचे हे मी फक्त गोष्टींत ऐकलेलं. आईचं माहेर मुरबाडकडचं. ती सहा-सात वर्षांची असताना तिच्या घरी दोन अनोळखी माणसं आली, चांगल्या कपड्यातली, आणि तिच्या आजीला विचारायला लागली की तुमच्याकडे पायाळू पोर आहे म्हणे, एका रात्रीपुरती पाठवा, लुगडं देऊ, पैसे देऊ. गावाबाहेरच्या एका पडक्या घरात तेव्हा रात्रीचं काहीतरी खणणं चाललंय असं गावात कुजबुजत होते. आजीने आईला मागच्या दाराने आत ओढलं आणि रिकाम्या कणगीत बसवलं, वरून घोंगडी टाकली, आणि ओटीवर जाऊन सांगितलं की पोर मामाकडे गेलीय. आई म्हणाली, आत भाताचा आणि शेणाचा वास होता, अंगाला कूस टोचत होतं, आणि बाहेर ते दोघं बोलत होते, हसून हसून बोलत होते, चहा घेतला त्यांनी. "दिसत काहीच नव्हतं गं. नुसतं ऐकू येत होतं. कपबशी ठेवल्याचं पण ऐकू आलं." पासष्ट वर्षांत तिने हे आम्हाला सांगितलं नव्हतं. मी अंधारात तिचा हात शोधला. ती म्हणाली, लोक टाळ्या वाजवत होते म्हणून मला बसवेना.

आणि मी म्हणाले होते आईला तर आवडेलच.

ह्यावर मी नंतर खूप विचार केला आणि माझा राग नक्की कोणावर आहे ते मला ठरवता आलं नाही. गुप्तधनासाठी माणसाला इजा करणं, नरबळी देणं, हे आपल्या महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या यादीत स्पष्ट लिहावं लागलं. ह्यासाठी डॉ. दाभोलकरांनी किती वर्षं घालवली आणि त्यांच्या खुनानंतर तो आला. म्हणजे ही आमच्यासाठी लांबची, कुठल्या तरी काल्पनिक देशातली गोष्ट नाहीये, पेपरात आतल्या पानावर अजून येते. ते पडद्यावर दाखवूच नये असंही मला म्हणायचं नाही. पण खजिन्याच्या पिक्चरमध्ये तो ढोल-कुंकवाचा सीन मसाला म्हणून येतो, ह्याचा त्रास होतो. हे आजचं नाही. १९८४ साली त्या टोपीवाल्या हॉलिवूड हिरोच्या, इंडियाना जोन्सच्या, दुसऱ्या पिक्चरमध्ये आपले अमरीश पुरी जिवंत माणसाचं काळीज काढतात, कालीचं नाव घेत. भारत सरकारने शूटिंगला परवानगी दिली नाही, मग त्यांनी श्रीलंकेत कँडीला जाऊन केलं. तिकडे अमेरिकेत आईबाप एवढे भडकले, की लहान मुलांसाठी हे काय दाखवता, की त्याच वर्षी त्यांना तेरा वर्षांची एक नवीन पायरीच काढावी लागली. काळजाचं त्यांना खटकलं, मुलांसाठी. कालीचं आपल्याला खटकलं. मी तो पिक्चर केबलवर बघितला होता, कॉलेजात असताना, आणि आई तेव्हा मागे उभी राहून पोळ्या लाटत होती आणि म्हणाली होती बंद कर ते. मला वाटलेलं तिला हिंसा आवडत नाही.

सईचं मात्र वेगळंच. ती बारा वर्षांची, तिला पिक्चर जाम आवडला, दोन दिवस ती आणि तिच्या मैत्रिणी सोसायटीच्या बागेत बदामाच्या झाडाखाली पट्टीने उकरत होत्या, वॉचमनने हाकललं. तिने मला विचारलं, आत्या, सापडला तर तो आपलाच ना? मी म्हटलं नाही, १८७८ चा कायदा आहे, इंग्रजांचा, अजून चालू आहे, दहा रुपयांच्या वरचं काही जमिनीत सापडलं तर कलेक्टरला कळवायला लागतं. तिला दहा रुपये ऐकून हसूच आवरेना. पण माझ्या नवऱ्याला हे ऐकून हसू आलं नाही. तो रविवारी गडांवर टाकी साफ करायला जातो, त्यांचा ग्रुप आहे, आणि दर दोन-तीन खेपांना एखादा ताजा खड्डा दिसतोच म्हणतो, जोत्याच्या कोपऱ्यात, कधी देवळाच्या मागे, शेजारी कापराच्या वड्या आणि फुटका नारळ. २०२५ मध्ये छावा आला तेव्हा तिकडे बुऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या पायथ्याशी गावचे लोक रात्री टॉर्च आणि मेटल डिटेक्टर घेऊन शेतं खणायला लागले होते, मोगलांच्या मोहरा निघतायत म्हणून, व्हिडिओ सगळ्यांनी बघितले असतील. पिक्चरचा दोष किती, अफवेचा किती, पोटाचा किती, कोण ठरवणार. सईचं उकरणं मला गोड वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी मी तिला मोडीचं पुस्तक नेऊन दिलं, तिने "छ" गिरवला, आणि तिलाही तो खरंच आवडला, एवढं एक माझ्याकडून बरं झालं.

मधे दोन महिने गेले. अथू हळूहळू सरळ झाला, वहिनीने बाथरूमच्या खिडकीला जाड काच बसवून घेतली, कोणाला काही न बोलता. आमच्या ऑफिसात एकीने मला त्याच पिक्चरबद्दल विचारलं, ओटीटीवर आलाय, आमच्या पिल्लूला चालेल का गं, तर मी तिला उलट विचारत बसले, त्याला कसली भीती वाटते, अंधाराची की आवाजाची, घरात अजून कोण असतं, सासूबाई बसतात का बरोबर, त्या कुठल्या गावच्या. ती म्हणाली अगं हो की नाही एवढं सांग. मला सांगता आलं नाही.

आणि मग वहिनीचा फोन. "अथू परत लाव म्हणतोय तोच पिक्चर. हट्टच धरलाय. लावू का?" मी म्हटलं थांब, मी येते.

आम्ही सगळे बसलो होतो, भुईमुगाच्या शेंगा घेऊन, दिवे चालू ठेवून. आई पण बसली, मी दोनदा विचारलं, म्हणाली बसते गं, घरात काय. मोडीचा कागद आला तेव्हा सईने ओरडून "छ" दाखवला. मग विहीर आली, आणि मी ती पहिल्यांदा नीट बघितली. माझा हात आपोआप अथूच्या डोळ्यांकडे गेला. त्याने मान झटकून तो बाजूला सारला, त्याला बघायचं होतं, दोन्ही कानांत बोटं घट्ट घातलेली, कोपरं वर, डोळे ताणून मोठे केलेले, आणि दोर वर येईपर्यंत त्याने पापणी हलवली नाही. पुढे ढोल सुरू झाले तशी आई उठली, दूध बघते म्हणाली, आणि किचनमध्ये गेली. थोड्या वेळाने ओट्याजवळून तिचा आवाज आला, "अथू, संपलं का रे ते?"

त्याची बोटं अजून कानातच होती.